अंत्ययात्रा वगळून

"घ्या मॅडम, तुमच्यासाठी खास घेऊन आलोय," असं म्हणत फौजदार चिवटे माझ्या टेबलासमोर बसले आणि घडी घातलेला एक कागद त्यांनी माझ्या चहाच्या कपाला टेकवून ठेवला.

तालुक्याच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये आम्हा नव्या वकिलांची टेबलं. माझं टेबल अगदी रस्त्याकडेला, त्यामुळे येणारा-जाणारा तिथं घटकाभर टेकायचा. चिवटे टेकायला आले नव्हते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, कपाळ पुसलं आणि मी कागद कधी उघडते याची वाट बघत राहिले.

"आणखी एक मनाई आदेश?"

"प्रांतसाहेबांची सही सकाळीच झाली. म्हटलं, गावात चिकटवण्याआधी तुम्हाला दाखवावा. नाहीतरी तुम्ही वाचून सांगितल्याशिवाय कोरेवाडीला तो कळत नाही."

चिवटे कधी शिवी द्यायचे नाहीत, कधी हात उगारायचे नाहीत. आवाज कायम शेजारच्या काकांसारखा. त्यामुळेच मला त्यांची जास्त भीती वाटायची.

"या वेळी भोकं बुजवलीत," ते म्हणाले. "सावकाश वाचा."

कोरेवाडीचं मागणं तसं साधं होतं. गाव आणि नदी यांच्या मधोमध रंगाचा कारखाना उभा राहिला आणि काही वर्षांतच विहिरींना लालसर पाणी लागलं. त्या गावात पांढरं कापड म्हणून उरलं नव्हतं. धोतरं, टोप्या, पोरांचे शाळेचे सदरे, सगळं फिक्या गुलाबी रंगाचं. बाहेरून आलेल्याला पहिल्यांदा गंमतच वाटायची. मग तो पाणी प्यायला मागायचा आणि गंमत संपायची. गावाला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी मिळून कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत जायचं होतं. प्रत्येकाने आपापल्या विहिरीचं पाणी न्यायचं, ते फाटकासमोर ठेवायचं आणि परत यायचं. दगड नाही, काठी नाही. आणि नेमकं एवढंच होऊ द्यायचं नाही असं वर कुठंतरी ठरलेलं होतं.

पहिला मनाई आदेश आला तेव्हा मी तो तीनदा वाचला होता. त्या रस्त्यावर पाच किंवा अधिक व्यक्तींनी जमू नये, घोषणा देऊ नयेत, फलक दाखवू नयेत, कर्णा लावू नये. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: धार्मिक कार्यक्रम, विवाह व अंत्ययात्रा वगळून. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मी गावाला सांगितलं, भजन करत चला. टाळ-मृदंग घेऊन गाव निघालं. पोलिसांनी ओढ्याच्या मोरीवर अडवलं तर तिथंच बसून दुपारपर्यंत भजन चाललं. पोलीस उन्हात उभे, आणि काय करायचं हे कुणालाच कळेना. आम्ही पोट धरून हसलो होतो.

पुढच्या आदेशात धार्मिक कार्यक्रम उडाले. मग गावातल्या एका लग्नाची वरात त्या रस्त्याने निघाली, खरी नवरी, खरा नवरा, आणि बायकांच्या डोक्यावर रुखवताच्या म्हणून पाण्याच्या कळश्या. कारखान्याची भिंत सुरू होते तिथं चिवटेंनी जीप आडवी घातली. खाली उतरले, नवरदेवाच्या पाया पडल्यासारखं हसले आणि म्हणाले, "पाव्हणं, या रस्त्यानं पुढं गाव नाही. पुढं नुसती मसणवट आहे. वरात तिकडं कशाला?"

ते खरंच होतं. रस्ता कारखान्याच्या फाटकासमोरून जाऊन नदीकाठच्या स्मशानात संपत होता. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले आणि वरात निमूट मागे फिरली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आता हा तिसरा. विवाह उडाले होते आणि रस्त्याबरोबर आता गावातही जमायला बंदी आली होती. मी शेवटची ओळ वाचली आणि कागद घडी करून ठेवला.

"काय मॅडम, राहिलं का काही भोक?" चिवटेंनी विचारलं.

"एक आहे," मी म्हटलं. "पण ते तुमच्या-माझ्या कामाचं नाही."

 ते टोपी डोक्यावर ठेवून उठले आणि चहाचे पैसे देऊन गेले.

*

कोरेवाडीत या सगळ्याच्या मुळाशी रावजी आबा होते. पुढारी म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. भाषण करायला उभे राहिले तर दोन वाक्यांत संपवायचे. उभा जन्म पाटकरी म्हणून गेला होता. कालव्याचं पाणी पाटाने यायचं आणि कोणत्या शेताला कधी सोडायचं ते आबा ठरवायचे. एकाची पाळी संपली की तो बांधावर उभा राहून पुढच्याला हाक मारायचा, पुढचा आपल्या शेतात पाणी वळवून घ्यायचा. कारखाना आल्यावर पाटच आटला, पण आबांनी लावलेली पाळी मोडायची नाही ही सवय गावाच्या अंगात राहिली होती.

मी गेले तेव्हा आबा पडवीत बाजेवर बसले होते. पाय सुजून चकचकीत झालेले. त्यांची मुलगी शेवंता चुलीपाशी होती. नवऱ्याचं घर सोडून ती बापाकडे आली त्याला बरीच वर्षं झाली होती. बोलायची कमी, भांडी आपटायची जास्त.

"आबा, नवीन आदेश आला."

"वाचा बाई."

मी वाचला. प्रत्येक कलमाला ते मान हलवत होते.

"भजन गेलं. लगीन बी गेलं," ते म्हणाले. "मग ऱ्हायलं काय?"

"आपण आता हायकोर्टात जाऊ. असा रोज आदेश बदलून माणसाचं तोंड आणि पाय बांधता येत नाहीत. मी अर्ज तयार करते."

"त्ये जाऊच की. पर ऱ्हायलं काय, त्ये तर वाचा."

मला ते मोठ्याने वाचायचं नव्हतं. "अंत्ययात्रा."

आबा आवाज न करता हसले. खांदे तेवढे हलले. "चिवट्यांनी त्या दिशी सांगितलंच हुतं की. ह्या रस्त्यानं फुडं निस्ती मसणवट हाय."

चुलीपाशी पातेलं आदळलं.

निघताना शेवंता माझ्या मागोमाग स्कूटरपर्यंत आली. पदराला हात पुसत म्हणाली, "बाई, आबा मशीनला जायचं बंद झाल्यात."

आबांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन आणावं लागे. त्याशिवाय माणूस टिकत नाही हे शेवंताला ठाऊक होतं आणि मलाही.

"कधीपासून?"

"वरात माघारी आली तवापास्नं."

मी तशीच आत गेले. "आबा, हा काय पोरखेळ आहे? दवाखान्यात का जात नाही?"

"बसा."

"बसत नाही. आधी सांगा."

"डाक्टर म्हणला, मशीनवर बी दिवाळी दिसंल का न्हाई सांगता येत न्हाई. मग जी काय दिसं ऱ्हायल्यात ती यष्टीत आन् त्या खाटंवर घालवू व्हय?" त्यांनी मला हाताने खुणावून जवळ बोलावलं. "मला एकच कायदा सांगा. मयताला परवानगी लागती का?"

"असल्या प्रश्नाला मी उत्तर देत नसते."

"म्हंजे न्हाई लागत."

"आबा, मी तुमची वकील आहे. तुम्ही मला हे विचारू नका. मला वेळ द्या, मी कोर्टातून स्थगिती आणते. पण तोवर तुम्ही जिवंत राहिलं पाहिजे, कळलं का? मेलेल्या माणसाचा खटला मी चालवणार नाही!"

माझा आवाज चढला होता. आबा नुसते माझ्याकडे मायेने बघत राहिले, आणि त्या बघण्याने मला जास्त राग आला. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. मला रडू येत होतं आणि ते त्या घरात कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

*

मुंबईला हायकोर्टात अर्ज दाखल झाला. सरकारी वकिलांनी उत्तर द्यायला मुदत मागितली, ती मिळाली. आदेशाला तूर्त स्थगिती द्या, असं मी जीव तोडून सांगत होते. न्यायमूर्ती सौम्यपणे म्हणाले, "आदेश तात्पुरताच आहे ना?" पुढची तारीख पडली आणि मी रात्रीच्या गाडीने परतले.

कोरेवाडीच्या वेशीवर आता पोलिसांचा तंबू होता. गावात माणसं होती, पण घोळका कुठेच नव्हता. पारावर तिघे, गिरणीपाशी दोघे, हातपंपावर चौघी. पाचवी बाई हंडा घेऊन लांब उभी, चौथी हलण्याची वाट बघत. तंबूतला शिपाई खुर्चीवर बसून हे सगळं बघत होता.  इतक्या लवकर माणसं स्वतःला मोजायला शिकतात, हे मला माहीत नव्हतं.

आबांकडे माणसं भेटायला येत होती, तीही दोघं-तिघं करून. एक तुकडी उठली की मगच दुसरी आत यायची. आबा आता आडवे होते. आवाज खोल गेला होता, पण प्रत्येकाला ते जवळ बसवून एकच विचारत होते.

"दगडू, तुझ्या आदी कुणाची पाळी?"

"सुतारांची, आबा."

"तुझ्या मागनं?"

"येसबाचा मळा."

"कुटवर धरायचं?"

"माझ्या बांदापत्तोर."

"हां. चुकायचं न्हाई. पाळी चुकली की समदं वाया जातं."

दगडू उठला, दुसरा बसला. पुन्हा तेच. मी शेवंताकडे बघितलं. रक्त धुतलं गेलं नाही की डोक्यावर परिणाम होतो, माणूस जुन्या काळात जाऊन बसतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आटलेल्या पाटाचं पाणी आबा अजून वाटत होते. मला फार वाईट वाटलं. शेवंता मात्र भिंतीला टेकून लक्ष देऊन ऐकत होती. एकदा तर तिने बापाला दुरुस्त केलं, "न्हाई आबा, येसबाच्या आदी मुलाण्यांची पट्टी हाय."

"व्हय की. खरं." आबांनी पुढचा बांध बोटावर मोजला. "आन् भिताडाकडंची पाळी कुणाची?"

 कारखान्याच्या भिंतीलगत आता कुणाचंच शेत नव्हतं.

"तिथं आपलं रान ऱ्हायलं न्हाई, आबा," कोपऱ्यातून एक जण म्हणाला.

"हुतं की. ज्येंची जमीन त्या भिताडाखाली गेली, त्येंची पाळी."

मी मुंबईची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पण तारीख कोणती ते विचारलं नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात तापलेला होता.

"पोरी, तुझी बी हितं पाळी हाय बरं का."

बाई नाही, वकीलबाई नाही. पहिल्यांदाच पोरी. मी हसण्यावारी नेलं. "माझं कुठं शेत आहे आबा तुमच्या गावात?"

"बघू की," ते म्हणाले.

*

पहाटे आबा गेले. शेवंताने दुकानातून फोन केला तेव्हा मी कोर्टात जायला तयार होऊन, काळा कोट चढवून बसले होते. तशीच निघाले.

वेशीवर पोलिसांच्या गाड्या लागल्या होत्या. त्यांच्यापुढे एक पांढरी शववाहिका, फुलं वगैरे लावलेली. आबांच्या अंगणात चिवटे टोपी हातात घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी खिशातून कागद काढला.

"वाईट झालं, मॅडम. चांगला माणूस होता." आणि तेवढ्याच मऊ आवाजात, "नवीन आदेश आहे."

मी शेवटची ओळ बघितली. शेवटची ओळ नव्हतीच. वगळून म्हणावं असं आता काहीच राहिलं नव्हतं. मग मी सही बघितली. सही आदल्या दिवशीची होती.

"काल? काल तर ते जिवंत होते."

चिवटेंनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. "वरून तयारी ठेवावी लागते," ते म्हणाले. "ऐका माझं. गाडी आणलीय. तालुक्याच्या स्मशानात सगळी सोय केलीय, लाकडंसुद्धा. जवळच्या माणसांना जीपमधून नेतो. सन्मानाने होईल. या रस्त्याने मात्र नाही."

अंगणात आबा तिरडीवर होते. अंगावर तालुक्याहून आणलेलं कोरं पांढरं कापड. त्या गावात इतकं पांढरं काही मी पहिल्यांदाच बघत होते. शेवंता उशाशी बसली होती. तिने कागदाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"बाई, आकडा बदलला का?" तिने विचारलं.

"कसला?"

"किती जणांनी जमायचं न्हाई, त्यो."

मी पुन्हा वाचलं. "नाही. पाच किंवा अधिक. तोच आहे."

"मग चार चालत्यात." ती उठली. "आन् गाडीत घालायलाच पायजे असं लिवलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "गाडीचं काहीच लिहिलेलं नाही."

"आबांनी पाळी लावून दिलीय," शेवंता म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बाजेवर पडून आबा पाणी वाटत नव्हते. ते आपले खांदेकरी लावत होते.

चिवटेंनाही ते कळलं असावं. "आणि विस्तव कोण धरणार?" ते पटकन म्हणाले. "तिरडीला चार, आणि पुढं मडकं धरणारा पाचवा. पाच होतात ताई."

"मी धरनार. हाकंच्या अंतरावर फुडं चालंन. आमी येकत्र न्हाई."

भावकीतला एक म्हातारा खाकरला. "शेवंते, बाईमाणसानं विस्तव धरायची रीत न्हाई आपल्यात."

"मग तुमी धरा, काका." तिने विस्तवाचं मडकं त्यांच्यापुढे केलं. काकांनी पोलिसांच्या गाड्यांकडे बघितलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. शेवंता मडकं घेऊन अंगणाबाहेर पडली.

चिवटेंनी टोपी डोक्यावर चढवली. मग मला म्हणाले, "चला मॅडम, जीपमध्ये बसा. इथं चौघं खांदेकरी, तुम्ही पाचव्या ठरता."

*

कारखान्याची भिंत जिथं सुरू होते तिथं चिवटेंनी जीप लावली. तिथून मागे गावापर्यंतचा सगळा रस्ता दिसत होता.

असलं मयत मी कधी बघितलं नव्हतं आणि पुन्हा बघायचीही इच्छा नाही. रस्त्यावर फक्त चार माणसं आणि तिरडी. त्यांच्या कितीतरी पुढे एकटी शेवंता. रडणं नाही, भजन नाही, एक शब्द नाही. पण दोन्ही बाजूंना, प्रत्येक शेताच्या बांधाआत, आपल्याच जमिनीवर, माणसं उभी होती. चार खांदेकरी आणि जरा लांब एखादी बाई. आपल्या रानात उभं राहायला कुठल्याच आदेशाची बंदी नव्हती. तिरडी बांधाशी आली की त्या शेतातली बाई बांधावरूनच वाकायची, तांब्यातलं पाणी आबांच्या तोंडाशी लावायची आणि उरलेलं कापडावर ओतायची. आपल्याकडे मयताला पाणी पाजतात, त्याला कोण हरकत घेणार? मग आधीच्या चौघांतला एकेक जण रस्ता सोडून मागे वळायचा आणि त्याच्या जागी तिथला एकेक जण रस्त्यावर येऊन खांदा द्यायचा; रस्त्यावर पाचवं माणूस कधी झालं नाही. बांधावरून पुढच्या बांधाला हाक जायची, पाटाच्या पाण्याला जायची तशी. सुतार, दगडू, मुलाणी, येसबा. कुणाची पाळी चुकली नाही.

तिरडी जवळ आली तसा माझ्या शेजारी उभा असलेला शिपाई पुटपुटला, "साहेब, कापड बघा."

अंगणातून निघताना पांढरंशुभ्र असलेलं ते कापड आता छातीपासून पायापर्यंत लाल झालं होतं. सगळ्या गावाच्या विहिरी त्यात भिजल्या होत्या. आणि ते निथळत होतं.

भिंतीच्या कोपऱ्यावर, हद्दीच्या दगडापाशी, तिरडी थांबली. तिथून पुढची पाळी जमिनी गेलेल्यांची. पण दगडापाशी चार माणसं नव्हती, तीनच होती.

"किसन कुठाय?" तिरडीखालून कुणीतरी विचारलं.

"त्येला उजाडताच उचलला. चौकशीला म्हणून." बोलणारा माझ्याकडे वळला. "बाई, आबांनी सांगून ठिवलंय. भिताडाच्या पाळीला कुणाला उचललं, तर तिथं वकीलबाईला घ्या. कोट घालून."

मी चिवटेंकडे बघितलं.  काळ्या कोटातल्या बाईवर लाठी उगारली तर काय होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि बाजेवरच्या त्या म्हाताऱ्याने ते आमच्या आधी ओळखलं होतं. मला आबांचा राग आला, कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली, सगळं एकदम.  मी गेले आणि मागच्या डाव्या बाजूला खांदा लावला.

आबांचं वजन फार नव्हतं. पण लाल पाणी माझ्या मानेवरून कोटाच्या आत ओघळत होतं आणि ते गार होतं.

फाटकापाशी पोलिसांची रांग होती, काठ्या आडव्या धरलेली. आतल्या गच्चीवर कारखान्याचे लोक उभे होते. शेवंता रांगेच्या कडेने कधीच पुढे निघून गेली होती. मडकं धरणारी मागे वळून बघत नसते, तिनेही बघितलं नाही. चिवटे जीपमधून येऊन रांगेपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा."

आम्ही थांबलो.

"मॅडम, पाच होतात," ते म्हणाले. 

"चार आहेत. मोजा."

त्यांनी बोटाने मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग ते बोट तिरडीवर आलं. "आणि हे."

"मेलेला माणूस व्यक्ती नसतो, फौजदारसाहेब."

"कोणत्या कायद्यात?"

 असा कायदा मी वाचला नव्हता आणि तशी वेळ कुणावर आली असेल असंही वाटलं नव्हतं. चिवटेंनी वायरलेस तोंडाशी धरला आणि वरच्यांना विचारू लागले. मयत धरायचं का? हो सर, मयत. मोजायचं का? पलीकडून खरखर येत होती. आम्ही फाटकासमोर तिरडी खांद्यावर घेऊन उभे. माझा खांदा बधिर झाला होता. आता काठी पडणार, आता पडणार, असं वाटत होतं आणि आबा खाली पडू नयेत एवढंच मी मनात घोकत होते.

मग माझ्या पुढचा माणूस हळूच म्हणाला, "बाई, खाली बघा."

कापडातून पाणी ठिबकत होतं. आम्ही एका जागी उभे होतो, म्हणून ते एकाच जागी ठिबकत होतं. फाटकाच्या अगदी समोर, डांबरावर, लाल थारोळं साचलं होतं आणि ते वाढत वाढत फाटकाच्या खालच्या फटीकडे सरकत होतं. ज्या विहिरींचं पाणी गावाला तिथं ठेवायचं होतं, त्या सगळ्या विहिरींचं पाणी तिथं पोचलं होतं. आम्ही चालत राहिलो असतो तर ते पुढे रस्ताभर सांडून गेलं असतं. थांबवलं होतं त्यांनी.

चिवटेंनी खाली बघितलं. त्यांच्या बुटांभोवती पाणी आलं होतं. त्यांनी वायरलेस खाली घेतला.

"चला," ते ओरडले. "चला चला, न्या पुढं! रस्ता सोडा त्यांना!"

रांग फुटली आणि आम्ही आबांना नदीवर नेलं.

*

तेराव्याला मी गेले तेव्हा पडवीत शेवंता आणि आणखी दोन बायका होत्या. मी चौथी. थोड्या वेळाने चिवटे आले. उंबऱ्याबाहेरच थांबले, आत पाचवं माणूस झालं असतं. त्यांची बदली झाल्याचं मला कळलं होतं. त्यांनी बाहेरूनच हात लांब करून कागद माझ्या हातात दिला आणि ते निघून गेले.

नवीन आदेश होता. सगळं तेच. फक्त पहिल्या कलमात दोन शब्द वाढले होते. मी ते स्वतःशी वाचले, मग पुन्हा वाचले.

"काय म्हनत्यात?" शेवंताने विचारलं.

"पाच किंवा अधिक व्यक्तींनी," मी वाचलं, "मयत व्यक्तीसह."

शेवंताला अर्थ लागायला वेळ लागला. मग तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. तेरा दिवस तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती तिथंच भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

"म्हंजे आबा हुतं," ती म्हणत होती. "सरकारनं लिवून दिलंय बाई. पाचवं आबाच हुतं."

हायकोर्टातला अर्ज पुढे निकाली निघाला. मूळ आदेशाची मुदत संपली होती, त्यामुळे आता ठरवण्यासारखं काही उरलं नाही, असं न्यायालय म्हणालं. कारखाना अजून आहे. शेवंता गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिला धरून चार आधीच भरले होते, म्हणून तिच्या तिरडीमागे चालायला मला परवानगी मिळाली नव्हती.

मी अजून त्याच चिंचेखाली बसते. परवा एक नवा तरुण फौजदार मनाई आदेश घेऊन आला. आता त्या तालुक्यात सणाला, निवडणुकीला, कशालाही मनाई आदेश निघतो. मी पहिलं कलम वाचलं.

"साहेब, यात मयत व्यक्तीसह असं का लिहिलंय?" मी विचारलं.

त्याने कागद उलटसुलट करून बघितला.

"काय माहीत, मॅडम," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच आहे ते."